विषय: सहलीचा क्रम उलटा केल्याबद्दल तक्रार, पैसे परत मिळणेबाबत

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

मार्चमधल्या आंजर्ले-मुंबई पॅकेजबद्दल लिहितोय. फोन केला की तुमची मुलं 'सर नोट करून घेतलंय' एवढंच म्हणतात, म्हणून आता लेखीच देतोय.

आम्ही नागपूरचे. बुकिंग केलं तेव्हा प्रोग्राम असा होता की विदर्भ एक्सप्रेसने शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, शनिवार-रविवार मुंबई बघायची आणि सोमवारपासून दापोलीजवळ आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर निवांत. निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नवी पीडीएफ टाकली, 'ऑपरेशनल कारणामुळे' आधी आंजर्ले, मग मुंबई. विचारलं तर म्हणे सर सगळं तेच आहे, फक्त पुढेमागे झालंय.

अहो, तेच कसं असेल? शनिवार-रविवारी दापोलीकडे अर्धं पुणं आणि उरलेली मुंबई उतरलेली असते हे नागपूरच्या माणसाला नसेल माहीत, पण टूर कंपनीला माहीत नको? रात्रभर ट्रेनमध्ये बसून आलेली माझी सत्तरीची आई, तिला स्टेशनवरूनच गाडीत कोंबलं आणि माणगावच्या ट्रॅफिकमध्ये एवढा वेळ गेला की पोचेपर्यंत अंधार झाला, संध्याकाळी कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते हुकलंच.

रविवारी सकाळी गेलो तर पिल्लं सोडतात तिथे लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी इतकी गर्दी की पोरीला पिल्लांऐवजी लोकांचे वर केलेले मोबाईल दिसले. आणि किनारा शांत म्हणाल तर ओल्या वाळूत एक स्कॉर्पिओ रुतलेली, दारं उघडी टाकून आत गाणी फुल्ल, चार पोरं चाकाखाली नारळाच्या झावळ्या सारतायत आणि बाकीचे व्हिडिओ काढतायत. कड्यावरच्या गणपतीला पार्किंगसाठीच लाईन. होमस्टेच्या काकूंबद्दल मात्र एक अक्षर तक्रार नाही, मोदक आणि सोलकढी एक नंबर होती. त्याच म्हणाल्या, मंगळवारी आला असतात तर किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं.

आता कहर ऐका. तुमच्या नव्या पीडीएफमध्ये सोमवारी दुपारी एलिफंटा! पहाटे अंधारात उठून, पोरांना झोपेतच गाडीत टाकून गेटवेला पोचलो, तर तिकीटवाला हसला. एलिफंटा लेणी सोमवारी बंद असतात, दर सोमवारी, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं ठिकाण आहे ते, काही गुपित नाही. तुमचा माणूस म्हणतो मग बोटीतून हार्बर राऊंड मारा सर, छान वारा लागतो. वारा खायला नागपूरहून आलो होतो का आम्ही?

म्हणजे आधीचा क्रम ठेवला असता तर लेणीही उघडी होती आणि गावही रिकामं मिळालं असतं. एका बदलात दोन्ही घालवलं तुम्ही.

तर एलिफंटाचे सगळ्यांचे पैसे परत करा. आणि क्रम बदलल्यावर होमस्टेचा 'वीकेंड रेट' म्हणून जो फरक आमच्याकडून वरून घेतलात ना, तोही परत पाहिजे, कारण वीकेंड आम्ही मागितलाच नव्हता. पावत्या आणि दोन्ही पीडीएफ जोडल्या आहेत. पुढचं कूपन वगैरे नको. पंधरा दिवसांत पैसे खात्यात आले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकतोय.

आपला,
नागपूरचा एक ग्राहक