काकू, तुम्ही मला चौदाव्या श्लोकावर थांबू दिलं नाहीत

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या वेदान्ताच्या वर्गात समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढचा श्लोक घे" म्हणता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत, तिथेही हे पोचावं.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून मला 'सहनशील' हे विशेषण चिकटलं. दिरांचा फोन यायचा, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त," आणि ठेवला जायचा. मीही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक धरून बसले होते. शीतोष्ण, सुखदुःख येतं-जातं, 'तांस्तितिक्षस्व भारत', म्हणजे ते सोस. आणखी किती सोसायचं, असं वर्गात विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "अठरावा वाच." चारच श्लोकांनंतर तेच श्रीकृष्ण त्याच अर्जुनाला सांगतात, 'तस्माद्युध्यस्व भारत', म्हणून लढ!

मग तुम्ही शांकरभाष्य, म्हणजे शंकराचार्यांचं गीतेवरचं भाष्य, उघडलंत. आचार्य म्हणतात, इथे युद्ध करण्याची आज्ञा दिलेली नाही. अर्जुन युद्धाला उभा राहिलेलाच होता, शोकमोहाने अडून गप्प बसला. भगवंत तेवढा अडसर काढतात. "तुझं काम तू करतेच आहेस, अडलंय ते तोंड," तुम्ही म्हणालात. "थंडी-ऊन सोसायचं. सासऱ्यांना सांभाळणाऱ्या रात्रीच्या बाईंचा पगार कुणी द्यायचा हा हिशेब आहे, तो मांडायचा." वेदान्ताच्या वर्गात पगाराचं निघेल असं मला वाटलं नव्हतं. 'सोडून द्या, शांत राहा' असले सुविचार रोज सकाळी मोबाईलवर येतातच, त्यातला एकही कधी हिशेब मांडायला सांगत नाही.

दिरांशी बोलले. आता पगार निम्मा-निम्मा, आणि शनिवारी ते मुक्कामाला येतात.

राग मात्र गेला नाही, खरं सांगते. रात्री दोनला चादर बदलताना येतोच. तुम्ही दृग्दृश्यविवेक, म्हणजे पाहणारा आणि दिसणारं यांतला फरक, शिकवलात: डोळ्यांना रूप दिसतं, मनाला डोळे कळतात, आणि मनात काय चाललंय तेही कुणालातरी कळत असतं. त्यामुळे आता राग आला की आलेला कळतो. तेवढ्याने सासऱ्यांच्या अंगावर हात हळू पडतो. मला सध्या एवढं पुरे आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. वर्गात कुणीतरी मला "अहो, सगळं मिथ्याच" म्हणून समजावत होतं, तेव्हा तुम्ही चष्म्यावरून पाहत म्हणालात, "व्यवहारात ओली चादर ओलीच असते. आधी ती बदला, मग मिथ्यात्वाचं बघू." सगळे हसले. मीही, किती दिवसांनी कोण जाणे.

चातुर्मासानंतर कठोपनिषद घेणार असं ऐकलं. दिरांना शनिवारची वेळ सांगून ठेवली आहे. पुढच्या रांगेत जागा धरा. त्यातल्या नचिकेत्याने यमाकडे तीन वर मागितले, माझी यादी त्याहून मोठी आहे.

तुमची विद्यार्थिनी