घाट उतरताना तापणारे ब्रेक

महोदय,

घाटात दुचाकी कठड्यावर आदळली की बातमीत बहुधा ‘ताबा सुटल्याने’ एवढाच उल्लेख येतो. गेल्या मे महिन्यात माझाही ताबा सुटायची वेळ आली होती आणि त्याला वेग मुळीच कारणीभूत नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पत्नीचे माहेर वैभववाडी तालुक्यात आहे. मागे ती आणि टाकीवर दहा किलोंची गुळाची ढेप, असे आम्ही गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची आणि मागच्या ब्रेकवर पाय ठेवून सावकाश यायचे, ही माझी जुनी सवय. निम्मा घाट सरला तसा जळका वास येऊ लागला व पॅडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. मग पुढचा ब्रेकही सतत धरत गेलो, तर पुढच्या दोन वळणांत त्याची लिव्हर मऊ पडून थेट मुठीला टेकली. गाडी खालच्या गिअरमध्ये घातली म्हणूनच ती कशीबशी कडेला थांबली. चाकावर ओतण्यासाठी पत्नीने पाण्याची बाटली उघडली, त्यातला एक थेंब पुढच्या ब्रेकच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर पडून चर्रकन उडाला. मी तिचा हात धरला, कारण इतक्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतल्यास ती वाकण्याची भीती असते. अर्ध्या तासाने दोन्ही ब्रेक पूर्ववत लागू लागले, आणि कोल्हापुरात गॅरेजवाल्याने गाडी फिरवून पाहून ‘काहीच बिघाड नाही’ असे सांगितले. त्याचेही बरोबर होते. ब्रेक निवला की या दोषाचा मागमूस उरत नाही, आणि म्हणूनच ठपका चालवणाऱ्याच्या वेगावर येतो.

मी शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षे लेथवर काम केले आहे. जॉब, म्हणजे लेथवर कातलेला तुकडा, गरम असताना माप घेऊ नये, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते, कारण तापलेले बिडाचे भोक मोठे भरते. मागच्या चाकातल्या ब्रेक ड्रमचेही तेच होते; या पोकळ ड्रमला आतून शू दाबले जातात आणि चाक थांबते. १३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम १५० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढतो, तो शूपासून दूर सरकतो आणि पॅडल खोल जाते. शिवाय शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, अति तापले की त्याची पकडही कमी होते. पुढच्या डिस्कची तऱ्हा वेगळी आहे. लिव्हरचा दाब तिच्यापर्यंत पोचवणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे ‘डॉट ४’ प्रतीचे ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबली तरी फक्त ते बुडबुडेच दबतात. माझ्या गाडीचे ऑइल पाच वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. ते काढले तेव्हा कोऱ्या चहासारखे काळपट निघाले. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे लागते, हे सर्व्हिसिंगच्या वेळी मला एकदाही सांगण्यात आले नव्हते.

दोन माणसांसह ३०० किलोंची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यात अडीच लिटर गार पाणी सहज उकळेल. इंजिनाला त्यातला वाटा उचलू दिला नाही, तर जवळपास सारा भार त्या दोन लहानशा ब्रेकांवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकचालकांचा नेम दुचाकीलाही लागू आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला ही सोय फारशी मिळत नाही. तिने ब्रेक सतत न धरता थोडा वेळ नेटाने दाबून सोडावा आणि मध्ये थांबून चाके निवू द्यावीत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण ते चाक जाम होऊ देत नाही एवढेच. तापलेल्या ब्रेकला त्याचा उपयोग नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला हजारो कुटुंबे दुचाकीने डोंगर चढतात आणि भरल्या गाडीने उतरतात. सार्वजनिक बांधकाम विभागाने जोतिबा, पन्हाळा, गगनबावडा आणि आंबा येथे उतार सुरू होतो त्या ठिकाणीच ‘गाडी न्यूट्रल करू नये, खालचा गिअर वापरावा’ असे ठळक मराठी फलक यात्रेपूर्वी लावावेत आणि दुचाकी थांबवून निवू देण्याइतकी जागा निदान एकेका वळणावर राखावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर