टक्केवारीचा छेद कोणता?

महोदय,

रुग्णालयांच्या अहवालांत आणि दर्शनी फलकांवर ‘हातांची स्वच्छता ९५ टक्के’ असे आकडे झळकतात. कशाच्या ९५ टक्के, हे क्वचितच लिहिलेले असते. संसर्ग नियंत्रणाचे काम करणाऱ्यांना एवढ्या देखण्या आकड्याची आधी शंकाच येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हात साफ करण्याचे पाच प्रसंग आहेत : रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संपर्काचा धोका आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर. मोजायच्या असतात त्या ‘संधी’, म्हणजे यांपैकी एक किंवा अधिक प्रसंगांमुळे हात साफ करणे गरजेचे ठरते ती प्रत्येक वेळ. टक्केवारीच्या छेदात याच संधी हव्यात आणि अंशात त्यांपैकी हात साफ केलेल्या. सिस्टर चार नंबरच्या रुग्णाची नाडी पाहून थेट पाच नंबरकडे गेल्या, तर ‘नंतर’चा आणि ‘आधी’चा असे दोन प्रसंग एकाच संधीत येतात. मध्ये एकदा हँडरब (हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रव) चोळला की दोन्ही साधले. याच्या दोन संधी धरल्या की हिशेब बिघडलाच.

याहून मोठी गडबड वेगळीच आहे. निरीक्षकाचे लक्ष हँडरबच्या बाटलीकडे असते. हात बाटलीकडे गेला की फॉर्मवर खूण. नाही गेला तर संधी आली होती हेच लक्षात येत नाही. छेदात फक्त झालेल्या कृती उरल्या, तर टक्केवारी शंभराला टेकणारच. नजर कामावर हवी. आता सलाइनच्या नळीचा पोर्ट (औषध सोडायचे तोंड) उघडणार, म्हणजे संधी आली. ती आधी लिहायची, मग हात काय करतात ते पाहायचे. पडद्याआडचे दिसले नाही तर अंदाजाने रकाना भरायचा नाही.

‘निर्जंतुक कामापूर्वी’ हा प्रसंग तर हमखास फसवतो. दाराशी हँडरब लावला, पडदा ओढला, खाटेचा कठडा खाली केला आणि त्याच हातांनी शिरेतून इंजेक्शन दिले. दाराशी केलेली स्वच्छता इथे धरायची नाही, संधी हुकली. मध्ये हातमोजे चढवले तरी हुकलीच, फक्त हातमोज्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करायची. दारावरची इलेक्ट्रॉनिक मोजणी नेमकी इथे आंधळी असते. आत जाताना-बाहेर येताना हात साफ केले का, एवढेच तिला कळते. खाटेपाशी काय झाले ते कळत नाही.

एका वॉर्डसाठी एका फेरीत साधारण २०० संधी नोंदवाव्यात असा संघटनेचा सल्ला आहे. निरीक्षणाची प्रत्येक बैठक २० मिनिटांच्या आसपास, आणि एका वेळी तिघांपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांवर नजर ठेवायची नाही. २०० संधींवर आलेला ५० टक्क्यांचा आकडा सुमारे ७ अंकांनी खाली-वर असू शकतो. २० संधींवर तो २२ अंकांनी हलतो. म्हणून ‘मागच्या महिन्यापेक्षा ८ टक्क्यांनी सुधारणा’ असे २० संधींवरून सांगण्यात काही अर्थ नाही.

कोणी पाहत आहे हे कळले की हात आपोआप बाटलीकडे वळतात. हे पूर्ण टळत नाही, पण रात्रपाळी, सुट्टीचा दिवस आणि राउंडची गर्दीची वेळ निवडली, निरीक्षक बदलते ठेवले तर कमी होते. नव्या निरीक्षकाने जुन्या निरीक्षकाशेजारी उभे राहून स्वतंत्र फॉर्म भरावा आणि दोन्ही फॉर्म ताडून पाहावेत. ते जुळेपर्यंत त्याच्या नोंदी हिशेबात घेऊ नयेत.

पडताळ्यासाठी हँडरबचा खप पाहावा. दर १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) किमान २० लिटर हा प्रचलित निकष आहे. म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलि, एका वेळी ३ मिलि धरले तर जेमतेम सहा-सात वेळा. अतिदक्षता विभागात ९५ टक्के पालन आणि खप मात्र याच्याही खाली, असे असेल तर दोहोंपैकी एक आकडा खोटा आहे. अर्थात खपातही नातेवाइकांनी वापरलेले आणि सांडलेले येतेच. स्टोअरमधून निघालेल्या बाटल्या म्हणजे हातांवर गेलेले द्रव नव्हे. आणि २०–३० सेकंद चोळले का, अंगठे व बोटांची टोके सुटली का, हे यातल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

तेव्हा टक्केवारी छापताना शेजारी एवढे तरी द्यावे : एकूण संधी, पाचही प्रसंगांची वेगळी टक्केवारी, डॉक्टर, परिचारिका व मदतनीस यांची वेगळी टक्केवारी, आणि निरीक्षण कोणत्या पाळ्यांत केले ते.

— रुग्णालयीन संसर्ग नियंत्रणात काम करणारे काही परिचारिका व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ