मुतखडा गव्हाणीत तयार होतो: डॉक्टर मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

प्रदर्शनासाठी गोऱ्हे तयार करणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितो आहोत. जाहीरच लिहितो, म्हणजे तुम्ही शिकवलेलं इतरांच्याही कामी येईल. मुतखडा झाला की सगळे जड पाण्याला दोष देतात. तुम्ही आम्हाला गव्हाणीत बघायला लावलंत.

भरडा, कोंडा आणि पेंडीवर वजन चढवताना फॉस्फरस भरमसाट जातो आणि कॅल्शियम मागे राहतं; हा जादा फॉस्फरस लघवीत उतरला की खडे होतात. अशा 5 किलो खुराकात फॉस्फरस साधारण 25 ग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम 5 ग्रॅम. तुमच्या हिशेबाप्रमाणे त्यात 50 ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळली की सुमारे 19 ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि उरलेली तूट चांगल्या चाऱ्यानं भरून निघते. एकूण आहारात दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस, एवढं साधायचं. हमखास चूक होते ती इथेच. कॅल्शियम वाढवायचं म्हणून लोक डायकॅल्शियम फॉस्फेट ओततात आणि त्यातून फॉस्फरसही वाढतो! उलट टोकही बरं नाही. नुसत्या द्विदल चाऱ्यावर ठेवलेल्या जनावराला कॅल्शियम कार्बोनेटचे खडे होऊ शकतात.

लांब चाऱ्याचं कारणही तुम्ही नीट उलगडलंत. रवंथ भरपूर झाला की लाळ जास्त सुटते, लाळेतून फॉस्फरस पोटात येतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. गोळीच्या रूपातल्या किंवा बारीक दळलेल्या खुराकावर रवंथ कमी होतो आणि तोच फॉस्फरस लघवीत उतरतो. शिवाय एकदम मोठा खुराक घातला की पुढचे काही तास लघवी कमी आणि दाट होते, म्हणून तो दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यायचा.

लघवी आंबट करून फॉस्फरसचे खडे रोखणाऱ्या अमोनियम क्लोराइडबद्दल, म्हणजे नवसागराबद्दल, तर खास आभार. एकूण कोरड्या आहाराच्या 0.5 ते 1 टक्का, म्हणजे 8 किलो खाणाऱ्या जनावराला 40 ते 80 ग्रॅम. बाजारातला डागकामाचा नवसागर चालत नाही, पशुखाद्यासाठीचाच हवा. चव वाईट असते, त्यामुळे वरून भुरभुरला तर जनावर तेवढाच बाजूला सारतं. गोड मळीबरोबर (मोलॅसिस) नीट कालवावा लागतो. मात्रा लागू पडते आहे का, हे लघवीत बुडवलेली पट्टी सांगते. एरवी 8 च्या आसपास असलेला सामू (पीएच, जितका कमी तितकी लघवी आंबट) 5.5 ते 6.5 वर यायला हवा, आणि तपासणी रोज एकाच वेळी. महिनोन् महिने सलग दिलं तर हाडांतलं कॅल्शियम झिजतं, मध्ये खंड हवाच. कॅल्शियम ऑक्झलेट या वेगळ्या जातीच्या खड्यावर याचा फारसा उपयोग नाही, म्हणून निघालेला खडा फेकू नका, तपासायला पाठवा, हे तुमचं सांगणं आता सगळ्यांना पाठ आहे.

जनावरानं जास्त पाणी प्यावं म्हणून मीठ हळूहळू वाढवत आहाराच्या 4 टक्क्यांपर्यंत नेता येतं, पण पाणी अखंड समोर असेल तरच. प्रदर्शनात घोडं अडतं ते पाण्यापाशी. क्लोरीनचा वास आला की जनावर तोंड फिरवतं. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडी मळी घालून तीच चव तिकडेही द्यायची, आणि बादली घरचीच न्यायची. थंडीत कोमट पाणी. लहान वयात खच्ची केलेल्या गोऱ्ह्याची मूत्रनळी अरुंद राहते, त्यामुळे ती घाई टाळलेली बरी.

लक्षणं तुम्ही ओळखायला शिकवलीत: शेपटी सारखी उचकणं, ताणून उभं राहणं, पोटावर लाथा, थेंब थेंब रक्ताळ लघवी, शिस्नाच्या तोंडाशी केसांना चिकटलेली वाळूसारखी कणी. याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसलं की वेळ जातो. कुंथणारं जनावर अचानक शांत झालं तर ती बहुधा बरं झाल्याची खूण नसते, मूत्राशय फुटलेलं असतं आणि पोट लघवीनं भरू लागतं. मूत्रनळी फुटली तर पोटाखाली सूज उतरते. पूर्ण अडलेल्या जनावराला लघवी वाढवणारं औषध किंवा जबरदस्तीनं पाणी देऊ नये, हे एक वाक्य अनेक जनावरं वाचवून गेलं.

खडा बहुतेकदा मूत्रनळीच्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणात अडकतो. लघवी मोकळी करायला खालून मूत्रनळीत घातलेली नळी बैठकीच्या हाडाजवळच्या खिशात अडते आणि मूत्राशयापर्यंत पोचत नाही. म्हणून तुम्ही पोटातून थेट मूत्राशयात नळी बसवता, एक-दोन आठवडे मूत्रनळीला विसावा देता, मग नळी बंद करून स्वाभाविक लघवी होते का ते पाहता. शेपटीखाली नवी वाट काढण्याची शस्त्रक्रिया जीव वाचवते, पण त्यानंतर वळू पैदाशीच्या कामाचा राहत नाही आणि ती वाट आकसूही शकते. हे शस्त्रक्रियेआधी, आडपडदा न ठेवता सांगितल्याबद्दल आभार. मालकाला ते ऐकायचं नसतं.

आणि नळी निघाल्यावर जुनाच खुराक पुन्हा सुरू करू नका, ही ओळ तुम्ही चिठ्ठीवर औषधांच्याही वर लिहिता. तिच्याबद्दलही आभार.

आपले,
प्रदर्शनाची जनावरं सांभाळणारे आम्ही सगळे