नोटीस पाठवा म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत अडकलेली बिलं कशी वसूल करायची यावर वकील साहेबांचा लेख वाचला. (पुरवणी आमच्या लाईनीत पोरगा टाकतच नाही, समोरच्या वर्कशॉपमधून मागून आणावी लागते, तीनदा फोन करून सांगून झालं, असो.) लेख चांगला आहे, भाषा सोपी आहे, रागवायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. पण पेमेंटची तारीख टळली की लगेच नोटीस पाठवा, भीड बाळगू नका, हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. साहेब, नोटीस कोणाला पाठवायची? ज्याच्या ऑर्डरवर माझी मशीन महिन्यातले दहा दिवस चालते त्याला? ज्याच्या घरच्या लग्नात मी जेवून आलो त्याला?

माझं हिंगणा एमआयडीसीत कोरुगेटेड म्हणजे पन्हाळी पुठ्ठ्याच्या बॉक्सचं छोटं युनिट आहे, आठ माणसं. फेब्रुवारी 2023 मध्ये मृग बहाराच्या संत्र्यासाठी एका पार्टीला पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांचे, बॉक्स दिले. पार्टीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही आणि छापलं तर तोच मला नोटीस पाठवेल, त्याला वकील परवडतो. तीन बिलं, मिळून 4,12,000 चा माल, तेव्हा बॉक्सवर जीएसटी 18 टक्के होता म्हणजे वर 74,160. हे 74 हजार मी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सरकारला भरले, माझ्या खिशातून, कारण पार्टीनं पैसे दिले की नाही हे जीएसटीला विचारायचं नसतं, बिल फाडलं म्हणजे भरा. त्यानं मात्र माझ्याच बिलावर क्रेडिट घेऊन टाकलं, म्हणजे तो जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वजा करून घेतला. 180 दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाही तर ते क्रेडिट परत करावं लागतं असा नियम आहे. त्यानं केलं का, देव जाणे.

मार्च गेला, एप्रिल गेला. फोन केला की "भाऊ, माल मार्केटमधी आहे, पैसा येऊन राहिला." जूनमध्ये मी जाऊन बसलो तर चेक दिला, पूर्ण रकमेचा, 10 जूनचा. मी खूश. घरी पोहोचत नाही तोच फोन, "भाऊ, टाकू नका बरं, मी सांगतो तेव्हा टाका, उगाच बाउन्स होईन अन् दोघांचं नाव खराब होईन." माझं काय नाव खराब होणार होतं ते मला आजही समजलं नाही, पण मी नाही टाकला. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये गणपतीच्या फोटोखाली ठेवला. सप्टेंबरमध्ये गणपतीच बसायची वेळ आली तेव्हा बघितलं तर तीन महिने होऊन गेले होते, चेक मेला. लेखात चेक बाउन्सचा सगळा हिशोब बरोबर दिलाय, बँकेचा मेमो आल्यावर 30 दिवसांत नोटीस, मग 15 दिवस वाट, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार. एकच गोष्ट राहिली की चेक बाउन्सचं ते कलम 138 लागायला चेक मुदतीत बँकेत टाकावा लागतो हो. नागपुरात किती दुकानदारांच्या ड्रॉवरमध्ये असे "मी सांगतो तेव्हा टाका" वाले चेक पडून आहेत, इतवारीत एक चक्कर मारून विचारा.

दिवाळीत 25 हजार पाठवले त्यानं. फराळाचा डबा पण पाठवला.

मग डिसेंबरमध्ये मी गेलो एकदाचा वकिलाकडे. भला माणूस, फी पण वाजवी घेतली. नोटीस गेली आणि उत्तर आलं की बॉक्स ओले होते, संत्री सडली, उलट तुम्हीच आम्हाला नुकसानभरपाई द्या. फेब्रुवारीच्या उन्हात बॉक्स ओले! दहा महिन्यांत एक शब्द नाही, एक फोटो नाही, चेक देताना आठवण नाही, 25 हजार पाठवताना नाही, नोटीस पोहोचली आणि बॉक्स ओले झाले. वकील म्हणाले, छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात याचा चांगला इलाज आहे, त्याचं वेगळं कौन्सिल असे वाद ऐकतं, माल मिळाल्यावर 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल पसंत आहे असंच धरतात, शिवाय 45 दिवसांवर पेमेंट गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, आणि कौन्सिलचा निकाल आपल्या बाजूनं लागला तर त्याला कोर्टात जायच्या आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. मला वाटलं सुटलो. मग त्यांनी उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागितलं.

इथेच घोडं पेंड खातं. माझ्याकडे उद्यमच्या आधीचं जुनं उद्योग आधार होतं, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. ते 30 जून 2022 नंतर चालत नाही हे मला कोणी सांगितलंच नाही. नवीन उद्यम मी काढलं मे 2023 मध्ये, बँकवाल्यांनी मागितलं म्हणून, म्हणजे माल दिल्यावर तीन महिन्यांनी. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्येच सांगून ठेवलं होतं की नंतर केलेल्या रजिस्ट्रेशनचा फायदा आधीच्या मालाला मिळत नाही. झालं. तीन महिन्यांसाठी अख्खा कायदा माझ्या हातून गेला. आणि ते उद्यम एका एजंटानं 1,500 रुपये घेऊन काढून दिलं होतं, ते सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट असते हे नंतर कळलं, तो वेगळाच विषय.

तर माझी तक्रार ही आहे की तुमच्या अख्ख्या पान भर लेखात "एमएसएमई कौन्सिलकडे जा" इतकंच आहे, पण माल पाठवायच्या आधी उद्यम हातात पाहिजे हे एक वाक्य नाही. आणि नुसता घेऊन विकणारा व्यापारी असेल तर उद्यम असूनही त्याला हे कौन्सिल नाही, हेही नाही. गांधीबागचा अर्धा बाजार तर व्यापाऱ्यांचाच आहे, ते बिचारे लेख कापून ठेवतील आणि फाईल घेऊन जातील.

त्याऐवजी काय आहे तर दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जायची धमकी द्या. द्या न! मार्च 2020 पासून तिथे एक कोटीच्या खालच्या थकबाकीला दारात उभंच करत नाहीत. माझे राहिले 4,61,160. आणि माझी पार्टी कंपनी नाहीच, एकट्याच्या नावावरची फर्म आहे. वरून ते बेंच मुंबईला, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर जा. एक कोटीवाले तुमची पुरवणी वाचून वसुली करतात का, सांगा बरं.

मी शेवटी साधा रस्ता धरला. तीन लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून कमर्शियल दावा, त्याआधी मध्यस्थी सक्तीची. तिथे पार्टी आलीच नाही, मध्यस्थी सुरूच झाली नाही असा नॉन-स्टार्टर रिपोर्ट घेतला, मग समरी सूट, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय समोरच्याला बचाव करता येत नाही असा दावा. समरी म्हणजे झटपट असं मला वाटलं होतं. त्यात त्यानं तेच ओले बॉक्स दाखवून बचाव करायची परवानगी मिळवली आणि आता साध्या दाव्यासारख्या तारखा चालू आहेत. माझ्या बिलाच्या खाली वीस वर्षांपासून छापलेलं आहे, उशीर झाल्यास 24 टक्के व्याज, सब्जेक्ट टू नागपूर ज्युरिस्डिक्शन, म्हणजे वाद झाला तर नागपूरच्याच कोर्टात. पार्टी इथल्याच दाभ्याची, मी हिंगण्याचा, ज्युरिस्डिक्शन बाकी एकदम पक्कं आहे.

एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचं कलम 43बी(एच) आलं, छोट्या युनिटचे पैसे मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्च धरता येत नाही. कायदा चांगलाच आहे. त्यावर माझ्या एका दुसऱ्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "भाऊ, तुमचं उद्यम कॅन्सल करून टाका, नाहीतर आम्हाला दुसरीकडून घ्यावं लागन." यावर वकील साहेबांनी पुढच्या भागात दोन ओळी लिहाव्या, ही नम्र विनंती, टोमणा नाही.

बाकी तुमचं बरं आहे. मागच्या वर्षी हेल्पर पाहिजे अशी चार ओळींची जाहिरात द्यायला आलो होतो तर काउंटरवर पैसे आधी घेतले, रोख, मग पावती, मग जाहिरात. मला राग आला होता तेव्हा. आता वाटते हीच खरी कायदेशीर मदत.

आणि हो, काल संध्याकाळी त्याच पार्टीच्या मॅनेजरचा फोन आला. मृगाचा माल निघून राहिला, पाच प्लायचा रेट काय आहे आणि क्रेडिट किती दिवसांचं देता, विचारत होता.

आपला,
एक बॉक्सवाला, हिंगणा एमआयडीसी
(नाव छापू नये, केस चालू आहे)