वंदनेनंतरचा दिवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सोबत काम करणाऱ्याने तुझी मेहनत स्वतःच्या नावावर खपवली, तू रागाच्या भरात त्याला लांबलचक निरोप लिहिलास आणि तो अजून पाठवलेला नाहीस, एवढे समजले. परंतु त्या सगळ्या हकिकतीपेक्षा मला तुझी शेवटची ओळ महत्त्वाची वाटली. रोज सकाळी त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे, आणि पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम, म्हणतो, पण नेमकी वेळ येते तेव्हा त्यातले काहीच हाताशी नसते, मग म्हणायचे तरी कशाला, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न तुला एवढ्या लवकर पडला याचे मला बरेच वाटले, कारण चाळिशी येईपर्यंत मला तो पडलाच नव्हता. मी आपली सुरात म्हणत गेले आणि म्हणून झाले की उठत गेले.

तुझी ही अडचण धम्मपदाने, बुद्धवचनांच्या त्या गाथासंग्रहाने, पहिल्याच वग्गात, म्हणजे प्रकरणात, हेरून ठेवली आहे. यमकवग्गातील 19 वी गाथा सांगते की पुष्कळ पाठ म्हणणारा, पण त्याप्रमाणे न वागणारा बेसावध माणूस दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा असतो: दिवसभर मोजदाद याने करायची आणि दूध मात्र मालकाच्या घरी. पण म्हणून पठण बंद कर असे ती गाथा म्हणत नाही. पाठोपाठच्या 20 व्या गाथेत थोडेच म्हणणारा, परंतु त्याप्रमाणे चालणारा माणूस येतो, आणि श्रामण्याचा, म्हणजे भिक्खूच्या साधुजीवनाचा, वाटेकरी तोच ठरतो. तेव्हा भांडण म्हणण्याशी नाही. म्हणणे आणि दिवस यांच्यामध्ये जी भिंत आपणच घालून ठेवतो, तिच्याशी आहे.

पठण मुळात कशासाठी होते, हे पाहिले की ही भिंत किती विनाकारण आहे ते कळते. बुद्धांचे उपदेश कित्येक पिढ्या लिहिलेले नव्हते. इसवी सन पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लेखनबद्ध झाले असे परंपरा सांगते, आणि तोपर्यंत ते भिक्खूंच्या मुखातच राहिले. दीघनिकाय हा उपदेशांचा संग्रह मुखोद्गत सांभाळणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय हा दुसरा संग्रह सांभाळणारे मज्झिमभाणक अशी कामाची वाटणीच होती. म्हणजे पठण हे आधी स्मरणाचे साधन होते. त्याने संकट टळते किंवा पुण्याची शिल्लक वाढते, असे मानणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, पण माझे मन तिकडे कधी वळले नाही. पालीत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऐकून आलेली ती सुतमया, विचाराने पटलेली ती चिंतामया आणि भावनेने, म्हणजे सरावाने अंगी मुरलेली ती भावनामया. सकाळची वंदना ही पहिलीची सोय आहे. तिसरी दिवसभरात कमवावी लागते, आणि बहुतेक वेळा ती गैरसोयीच्या क्षणीच कमवावी लागते.

असा एक क्षण तुला सांगते. गेल्या वर्षी कार्यालयातील एका तक्त्यात माझ्या हातून आकड्यांची अदलाबदल झाली आणि बैठकीत मला सर्वांसमोर त्याबद्दल विचारले गेले. "कागद माझ्याकडे उशिरा आले," हे वाक्य माझ्या तोंडून अर्धे बाहेर पडलेही होते. कागद वेळेवर आले होते. त्या अर्ध्या वाक्यावरच "मुसावादा वेरमणी", खोटे बोलण्यापासून दूर राहणे, हे पंचशीलातले शब्द आतून आले. कोणी बजावल्यासारखे नव्हे, जिभेला रोजची सवय म्हणून. मी थांबले, आणि चूक माझीच आहे असे म्हटले. त्यात शौर्य काहीच नव्हते, चेहरा तर तापलाच होता. पण ते शब्द आयत्या वेळी शोधावे लागले असते, तर ते सापडेपर्यंत वाक्य पूर्ण होऊन गेले असते. पंचशीलातील प्रत्येक ओळ "सिक्खापदं समादियामि" अशी संपते, तिचा अर्थ या प्रसंगानंतर मला नीट कळला. ती आज्ञा नाही. शिकण्याचा एक नियम मी स्वतःहून पत्करते, एवढेच आपण रोज म्हणतो. आणि शिकणाऱ्याचे वाक्य कधी कधी अर्धे चुकतेच.

खोटे बोलण्यावरूनच बुद्धांनी स्वतःच्या मुलाला केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे, आणि मुलाला पत्र लिहिताना तो मला आठवणारच. राहुल अंबलट्ठिका या ठिकाणी राहत असताना बुद्ध तिथे आले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी दिले. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडेसे पाणी उरवले आणि ते दाखवून म्हटले की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेच थोडे असते. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. उपदेश काय, हातातल्या भांड्यातच होता. त्यानंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होते का, हे तपासावे, असे त्यांनी सांगितले. यातील दोन गोष्टी लोक सहसा गाळतात. कायेने किंवा वाचेने झालेली चूक नंतर ध्यानात आली, तर ती शास्त्यासमोर, म्हणजे गुरूसमोर, किंवा सुज्ञ सोबत्यासमोर उघड करायची; आणि कर्म चांगले होते असे दिसले, तर त्याच्या आनंदात राहायचे. म्हणजे हा आरसा केवळ डाग शोधण्यासाठी दिलेला नाही.

सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात जी सात धम्मवचने निवडली, त्यांत खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी ती पुन्हा पुन्हा ऐकावीत आणि मनात धरावीत, असे तो राजा लिहितो. ऐकणे आणि धरणे ही दोन कामे त्याने वेगळी सांगितली आहेत, हे मला विशेष वाटते.

माझा आरसा मात्र एकदा तूच झाला होतास, तुला आठवत नसेल. तू आठ वर्षांचा होतास. आपण दोघांनी मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीभावनेचे सुत्त, म्हणून संपवले होते, आणि आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जिवापलीकडे जपते तसेच अमर्याद मन "सब्बभूतेसु", सर्व प्राणिमात्रांविषयी ठेवावे, हा त्याचा अर्थ मी आदल्या दिवशीच तुला मोठ्या कौतुकाने सांगितला होता. तेवढ्यात दार वाजले. एक मुलगा दुसऱ्याच कोणाचे पार्सल दुसऱ्यांदा आपल्या दारी घेऊन आला होता, आणि मी त्याला इतके तोडून बोलले की तो पत्ता विचारायचेही विसरून निघून गेला. मी वळले तर तू अजून हात जोडून बसलेला होतास. "आई, सब्बभूतेसुमध्ये पार्सलवाले येतात का?" असे तू अगदी खरोखर विचारलेस. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधार म्हणून सांगितले आहेत. त्या सकाळी माझ्याकडे अर्थ होता आणि करुणा नव्हती, आणि तसा अर्थ काही कामाचा नसतो.

आता तुझ्या पठणाबद्दल. सगळे घाईने उरकण्यापेक्षा एखादी गाथा कमी म्हण, पण जी म्हणशील तिचा एक शब्द दिवसासाठी उचल. माझ्याकडे सध्या "सण्हा" आहे. अंगुत्तरनिकाय या संग्रहात सुभाषित, म्हणजे चांगल्या, वाचेची पाच अंगे सांगितली आहेत: ती योग्य वेळी बोललेली असते, खरी असते, सण्ह म्हणजे मृदू असते, हिताची असते आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असते. "खरी आहे ना, मग बोललेच पाहिजे" हा आपल्या घराण्याचा जुना खाक्या. त्या पाचांपैकी एकावरच आपण सगळा भार टाकतो. मेत्तसुत्तात उभे असताना, चालताना, बसताना, आडवे पडलेले असताना, जागे आहोत तोवर ही स्मृती धरावी असे म्हटले आहे. आसनावर बसलेल्या अर्ध्या तासाचा त्यात वेगळा उल्लेखही नाही.

तुझा तो निरोप पाठवावा की पाठवू नये, याबद्दल मी एक अक्षर लिहिलेले नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल. अन्याय गिळून बस असे मी तुला सांगणार नाही. जे काम तुझे होते ते तुझे होते, असे म्हणण्यात वैर नाही. फक्त त्या पाच अंगांसमोर तो एकदा मोठ्याने वाचून पाहा, आणि उरेल तेवढा पाठव. हे पत्रही काल रात्री लिहून झाले होते. सकाळी वंदना झाल्यावर पुन्हा वाचले आणि तुझ्या त्या सहकाऱ्याविषयीची दोन वाक्ये खोडली. दोन्ही खरी होती.

तुझी,
आई