अर्ज भरला म्हणजे जबाबदारी संपत नाही

महोदय,

महाविद्यालयाच्या कार्यालयात आर्थिक साहाय्याचे अर्ज तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले. सर्वाधिक हळहळ वाटली ती पात्र असूनही केवळ त्रुटींमुळे मदतीला मुकलेल्या विद्यार्थ्यांबद्दल. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि बँक खात्यावर शेवटी, एवढ्याशा फरकाने अर्ज परत आलेली एक मुलगी मला आजही आठवते. दुरुस्तीची सूचना देणारा ईमेल तिने कित्येक दिवस उघडलाच नव्हता आणि तोवर मुदत टळून गेली होती.

शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि कर्ज या तिन्हींना आपण सरसकट ‘मदत’ म्हणत असलो, तरी त्यांतला फरक सही करण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून व्याजही थांबते, असा समज मी वारंवार ऐकला आहे. पुष्कळ कर्जांत मात्र ते रक्कम हाती पडल्यापासूनच चढत असते: पहिल्या वर्षाच्या आरंभी 10 टक्के सरळ व्याजाने घेतलेल्या प्रत्येक 100 रुपयांचे 4 वर्षांनी 140 होतात.

मदत मंजूर झाल्यावरही हजेरी, किमान गुण, ठरलेल्या वेळी नूतनीकरण आणि उत्पन्नातील बदल कळवणे ही कर्तव्ये विद्यार्थ्याचीच असतात. शिक्षण मध्येच सोडल्यास काही योजनांत मिळालेली रक्कम परतही करावी लागते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. या अटी प्रवेशाच्या वेळीच, विद्यार्थी आणि पालकांना समोर बसवून, सोप्या भाषेत समजावून सांगण्याची व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयाने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त कार्यालयीन कर्मचारी